३२ गुंठ्यांच्या परड्यासाठी कल्टिव्हेटर: मिनी ट्रॅक्टर घ्यावा, पॉवर टिलर की पॉवर वीडर?

सोनकी
१२ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल.

आम्ही दोघं गेल्या वर्षी नोकऱ्या संपवून कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचे राहायला आलो. घराला लागूनच सासऱ्यांनी राखलेलं ३२ गुंठ्यांचं परडं आहे. रस्त्याकडचे दहा गुंठे मुरमाड, त्यात नऊ आंबे, चार चिकू आणि बांधाच्या कडेनं सहा नारळ. खाली ओढ्याकडे २२ गुंठे काळी जमीन. तिथं घरापुरता गहू, भुईमूग, हळदीच्या चार सऱ्या आणि बाकी भाजीपाला. विकायचं फारसं काही नाही, पण वर्षभर घरचं खायचं असं ठरवूनच आलोय.

अडचण आहे मशागतीची. गावात मोठे ट्रॅक्टर पुष्कळ, पण ते उसाच्या आणि आल्याच्या रानात गुंतलेले. आमच्या तुकड्याचा नंबर सगळ्यात शेवटी. गेल्या खरिपाआधी वळीव झाला, चांगला वाफसा (मशागतीजोगी बेताची ओल) आला, मी रोज फोन करत होते आणि ट्रॅक्टर आठव्या दिवशी आला. तोवर रान दगडासारखं. रब्बीला उलटं झालं, ओल निवायच्या आतच रोटर (ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं अवजार) मारून गेला. गव्हाची उगवण निम्म्या रानात झालीच नाही. लव्हाळा, ते गाठींचं तण, मात्र असा उठला, की खुरपायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, हे आता माणसाच्या हातचं नाही."

म्हणून स्वतःचं काहीतरी घ्यायचं मनात आहे. दुकानदार एक सांगतो, भाऊजी दुसरं सांगतात. मिनी ट्रॅक्टर आणि त्याला कल्टिव्हेटर (रान उकरणाऱ्या लोखंडी फणांची चौकट), मुठी धरून मागं चालायचा पॉवर टिलर, की तण काढायचा लहान पॉवर वीडर? कल्टिव्हेटर घ्यायचा तर किती फणांचा, आणि स्प्रिंगचा की बिनस्प्रिंगचा? चालवणार आम्ही दोघंच. यांचं वय ६१, माझं ५८. दोघांची तब्येत ठणठणीत आहे.


वाफसा
१२ एप्रिल, रात्री १०.१५

ताई, माहिती छान दिलीत. तरी चार गोष्टी मोजून सांगा. फाटकाची रुंदी किती? दोन आंब्यांमधलं अंतर किती? ओढ्याकडे उतार कसा आहे? आणि रानाच्या दोन्ही टोकांना वळायला किती जागा सुटते?

तोवर एक हिशेब मांडतो. पाच फणांच्या कल्टिव्हेटरला दोन फणांत नऊ इंच धरले, तर एका फेरीत ४५ इंच, म्हणजे सव्वा मीटरला थोडी कमी पट्टी निघते. ताशी तीन किलोमीटरनं ट्रॅक्टर चालला तर कागदावर तासाला ३४ गुंठे होतात. वळणं, अडकणं, थांबणं यांत एक तृतीयांश जातं. उरतात २२-२४ गुंठे. म्हणजे तुमची सगळी काळी जमीन एका तासात एकदा फणून होते. आडवी-उभी दोनदा केली तरी दोन तास. वर्षातून तीन वेळा हे केलं तर सहा तास, झाडांतलं धरून आठ-दहा. एवढ्यासाठी मिनी ट्रॅक्टर दारात वर्षभर उभा करायचा का, हे आधी ठरवा. आजच्या बाजारात लहान ट्रॅक्टर साधारण तीन ते सहा लाखांच्या दरम्यान बसतो, अवजारं वेगळी.

पॉवर वीडरची पट्टी दोन फूट धरा, वेग ताशी दीड किलोमीटर. वळणं-थांबणं वजा जाता तासाला सहा गुंठे. म्हणजे काळी जमीन एकदा काढायला पावणेचार तास आणि तेवढं त्याच्यामागं चालणं. साठीच्या माणसानं ते दोन सकाळींत वाटून करावं. जमतं.


माणदेशी
१३ एप्रिल, सकाळी ६.५०

वाफसादादांचा हिशेब बरोबर आहे, पण तासांवरून ट्रॅक्टरची किंमत ठरत नाही. आमच्या खटावात पाऊस आधीच मोजका. वाफसा दोन दिवस टिकतो, कधी दीडच. त्या दीड दिवसात रान हाती आलं नाही तर हंगाम हातचा गेला. माझ्याकडं १८ एचपीचा आहे, सहा वर्षं झाली. रान दोन एकर. लोक म्हणाले एवढ्याला कशाला. पण पाऊस पडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी रानात असतो आणि कुणाला फोन करत नाही. ताईंनी वर जे लिहिलंय, आठ दिवस फोन करत बसणं, ते ज्यानं सोसलंय त्यालाच कळतं.

आता कल्टिव्हेटर. मुरमाडात आणि झाडांच्या मुळ्यांत स्प्रिंगचाच घ्या, यात दुमत नको. फण दगडाला किंवा मुळीला अडला की स्प्रिंग ताणून मागं सरकतो, अडथळा ओलांडला की परत जागेवर. बिनस्प्रिंगचा अडला तर फाळ मोडतो, नाहीतर फ्रेम वाकते, नाहीतर ट्रॅक्टरच्या लिफ्टला हिसका बसतो. बिनस्प्रिंगचा खोल काळ्या, बिनदगडी रानासाठी चांगला. तो जिथं घालाल तिथं उतरतो.

२० एचपीच्या आतल्या ट्रॅक्टरला पाचच फण. सात लावले की पुढची चाकं हलकी होतात, मागची घसरतात आणि डिझेल उगाच जळतं. नऊ फणांचा हा ३५ एचपीच्या वरच्यांचा.


कृष्णाकाठ
१३ एप्रिल, दुपारी १.२०

आम्ही वाळव्याकडचे, काळीतच जन्म गेला. यंत्र कुठलं घ्यायचं ते नंतर बघू. आधी लव्हाळ्याचं बोलतो, कारण ताईंचं खरं दुखणं तिथं आहे.

लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत एका दोऱ्यात ओवल्यासारख्या असतात. दोरा शाबूत आहे तोवर वरची गाठ फुटते आणि खालच्या बऱ्याचशा झोपून राहतात. रोटरचं पातं हा दोरा दहा ठिकाणी तोडतं. मग प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. हरळीचंही तसंच, तिच्या प्रत्येक पेराला मूळ धरता येतं. रोटरनं हरळी बारीक केली म्हणजे तुम्ही तिचं बेणं करून रानभर पेरलं. वरून रान असं भुसभुशीत, देखणं दिसतं की माणूस खूश होतो. पंधरा दिवसांनी कळतं.

फणाचं काम वेगळं. फण कापत नाही, उकरतो. दोरा अख्खा ओढून वर आणतो. एप्रिल-मेच्या उन्हात हे केलं, आडवं-उभं दोनदा, आणि मध्ये आठ-दहा दिवस रान तापू दिलं, तर वर आलेल्या गाठी वाळून मरतात. हरळीच्या काशा (जमिनीतले पेरांचे दांडे) हातानं किंवा दाताळ्यानं गोळा करून बांधाबाहेर टाकायच्या. बांधावर टाकू नका, पहिल्या पावसात त्या परत रानात उतरतात. एका उन्हाळ्यात लव्हाळा संपत नाही. तीन उन्हाळे नेमानं केलं तर खुरपणीला माणूस मिळेल इतका कमी होतो. आमच्याकडं झालाय.

दुसरं नुकसान दिसत नाही. काळ्या रानात ओल जास्त असताना रोटर फिरवला की पात्याच्या खालच्या टोकाला, चार-पाच इंचांवर, जमीन थापल्यासारखी गुळगुळीत होते. वर पीठ, खाली फरशी. पाणी मुरत नाही, गव्हाचं मूळ त्या फरशीवर येऊन आडवं पसरतं. तुमच्या गव्हाची उगवण मार खाल्ली ती बहुतेक ओल्यात चालवल्यामुळं. एका जागी फावड्यानं फूटभर खड्डा काढा आणि बाजूची भिंत सुरीच्या टोकानं खरवडत खाली या. जिथं सुरी अडेल तिथं ती फरशी.


सोनकी
१३ एप्रिल, रात्री ८.०५

कृष्णाकाठ दादा, आज संध्याकाळी तीन ठिकाणी खड्डे काढले. दोन ठिकाणी पाच इंचांवर सुरी अडली. तिसरा खड्डा सासऱ्यांच्या जुन्या मिरचीच्या वाफ्यात होता, तिथं रोटर कधी गेलेला नाही. सुरी सरळ खाली उतरली आणि गांडुळं निघाली. आम्ही दोघंही खड्ड्यापाशी बसून राहिलो. सासऱ्यांचा कुळव अजून गोठ्यात आढ्याला टांगलेला आहे. त्यांनी चाळीस वर्षं ज्या रानाला जपलं त्याचं आम्ही एका वर्षात काय करून ठेवलं, असं झालं.

वाफसा यांनी मागितलेली मापं: फाटक सात फूट. आंबे २५ फुटांवर, पण फांद्या खाली आल्यात, खालून वाकून जावं लागतं. मुरमाडातून काळीत उतरताना वीस-पंचवीस फुटांचा चांगला उतार आहे. वळायला ओढ्याकडे आठ फूट, घराकडे जेमतेम सहा.

पॉवर टिलरबद्दल कुणी बोललं नाही. दुकानदाराचा तोच आग्रह आहे. म्हणतो, दोन्हीच्या मधलं आहे.


येरळा
१३ एप्रिल, रात्री ९.३०

पॉवर टिलरबद्दल मी सांगतो, कारण आमच्या घरी दोन झाले. यंत्र दमदार असतं. कॅम्को १२ एचपीचा, व्हीएसटी शक्तीचा १३ एचपीचा, दोन्ही डिझेलवर वर्षानुवर्षं चालतात. भातखाचरात तर त्याला तोड नाही. पण वजन चारशे किलोच्या पुढं आणि ते सगळं दोन हातांवर वळवायचं. सहा फुटांत वळवताना हँडल छातीवर येतं.

ताई, तुमच्या उतारामुळं मी हे लिहितोय. टिलरला दोन्ही मुठींखाली वळायचे क्लच असतात. सपाटीवर डावा दाबला की डाव्या चाकाचा जोर सुटतो आणि यंत्र डावीकडं वळतं. उतरताना हे उलटतं. तेव्हा यंत्र स्वतःच्या वजनानं पुढं ढकललं जात असतं आणि इंजिन त्याला आवरून धरत असतं. डावा क्लच दाबला की डावं चाक आवरातून सुटून पुढं पळतं आणि यंत्र उजवीकडं फिरतं. नव्या माणसाला हे माहीत नसतं, घाबरून तो आणखी जोरात दाबतो. माझ्या वडिलांचं असंच झालं. यंत्र बांधावर चढून उलटलं, घोट्याचं हाड मोडलं. चार महिने खाटेवर होते. त्यांनी तोवर पंधरा वर्षं टिलर चालवला होता, उतारावर नेला नव्हता इतकंच.

आणि रोटरी चालू ठेवून मागं घेऊ नका. टिलर असो की वीडर, पाती फिरत असताना मागं सरकणारा माणूस पातीसमोरच असतो.

६१ व्या वर्षी नव्यानं टिलर शिकू नका, असं मी माझ्या घरच्यांना सांगीन. तुम्हालाही तेच सांगतो.


हिरवी_मिरची
१४ एप्रिल, सकाळी ७.१५

मी तासगाव भागातली. मागं द्राक्षबाग, पुढं वीस गुंठे भाजीपाला, तो सगळा मी बघते. माझ्याकडं पेट्रोलचा पॉवर वीडर आहे, साडेपाच एचपीच्या आसपासचा, तीन वर्षं झाली. सोनकीताई, बाईमाणसाला झेपतो का, असं तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेल. झेपतो. पण विकत घेताना कुणी न सांगितलेल्या गोष्टी सांगते.

एक तर तो कडक रानात चालत नाही. पाती वर टणाटण उडतात आणि यंत्र आपल्याला पुढं ओढत नेतं. खांदे भरून येतात. तो वाफशाचा सोबती. मागं खाली एक दांडा असतो, खोली ठरवायचा. लोक तो वर बांधून टाकतात आणि मग म्हणतात वीडर पळतो. दांडा जमिनीत रुतू द्या, हँडल हलकं खाली दाबा, यंत्र हळू होतं आणि खोल जातं. पहिल्या फेरीला दोन-तीन इंच, दुसऱ्या फेरीला पुढं. एका दमात सहा इंच काढायला जाऊ नका.

त्याच्या पात्यांचं लव्हाळ्याला तेच होतं जे रोटरनं होतं, हे कृष्णाकाठ दादांचं खरं आहे. म्हणून मी लव्हाळ्याच्या पट्ट्यात वीडर घालतच नाही, तिथं खुरपं. बाकी दोन ओळींतलं कोवळं तण, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, यासाठी त्याच्यासारखं काही नाही. तण चार पानांवर असताना फिरवा. गुडघाभर झालं की पात्यांना गुंडाळतं.

गुंडाळलेलं काढताना इंजिन बंद करायचंच, आणि प्लगची टोपी काढून मग हात घालायचा. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, पायात गमबूट. आमच्याकडं मजुरीला येणाऱ्या एका मुलीची ओढणी ओढली गेली होती. माझा हात स्विचवरच होता, म्हणून वाचली. तेव्हापासून याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

देखभाल: नव्या यंत्राचं पहिलं ऑइल वीस तासांत बदला, नंतर पुस्तकात दिलंय तसं. एअर फिल्टर दर दोन-तीन दिवसांनी उघडून बघा, धूळ त्यातच जाते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी धरतं. महिनाभर यंत्र उभं राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.


कुंडलरोड
१४ एप्रिल, सकाळी १०.४०

विषयाला थोडं सोडून, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी किर्लोस्करवाडीच्या पलीकडचा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना उभारला, तो लोखंडी नांगराच्या जोरावर. सुरुवातीला शेतकरी तो नांगर घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते, असं लोकांना वाटायचं. नांगर पडून राहिले. मग ज्यांनी घेतले त्यांच्या रानातलं तण कमी झालेलं शेजाऱ्यांनी पाहिलं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

माझे आजोबा सांगायचे की लोखंडी नांगरानं हरळी निघते, लाकडी नुसता तिच्यावरून सरकतो. शंभर वर्षांनी आपण परत हरळी आणि लव्हाळ्यावरच बोलतोय. जमिनीला खालून काय हवंय हे बघून अवजार बदलत गेलं, ते त्या पिढीनं नीट ओळखलं होतं.


घाटमाथा
१४ एप्रिल, दुपारी ४.००

अनुदानाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली ट्रॅक्टर, टिलर, वीडर, कल्टिव्हेटर सगळ्यांसाठी अर्ज करता येतो. लहान आणि महिला शेतकऱ्यांना टक्केवारी जास्त. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. सासऱ्यांच्या नावावरच असेल तर वारसनोंद आधी. आणि पूर्वसंमतीपत्र हातात येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही, बिलाची तारीख पाहतात. दुकानदार "आत्ता घ्या, नंतर करून देतो" म्हणाला तर ऐकू नका.

यंत्राचा चाचणी अहवालही मागा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची चाचणी संस्था आहे, तिथं आणि इतर मान्यताप्राप्त केंद्रांत यंत्रं तपासली जातात. जाहिरातीतला एचपी इंजिनाचा असतो. मागच्या पीटीओ शाफ्टवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर, त्यातला साधारण ८५ टक्के पोहोचतो. अहवालात दोन्ही आकडे वेगळे दिलेले असतात.

या यंत्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्के झाला आहे. कोटेशन जुन्या दरानं काढलेलं नाही ना, एवढं बघा.


सोनकी
१५ एप्रिल, रात्री ९.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. येरळा दादा, तुमच्या वडिलांचं वाचून यांनी टिलरचा विषय स्वतःहून बंद केला.

सातबारा अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. तलाठ्यांकडे उद्या जातोय. म्हणजे अनुदानाची वाट बघितली तर हा उन्हाळा जातो.

एक सांगायचं राहिलं. आमच्या ओढ्यापलीकडच्या तात्यांकडे आल्यासाठी घेतलेला २१ एचपीचा लहान ट्रॅक्टर आहे. अरुंद आहे, आमच्या फाटकातून सहज येतो. तात्या माणूस चांगला, म्हणतात कधीही हाक मारा. पण त्यांच्याकडे अवजार रोटर आणि फवारणीचा पंप, एवढंच. म्हणून तो पर्याय मी मोजलाच नव्हता.


माणदेशी
१५ एप्रिल, रात्री ९.२५

ताई, हे आधी सांगायचंत! तात्यांच्या ट्रॅक्टरला मागं थ्री पॉइंट लिंकेज (अवजार जोडायचे तीन दांडे) असणारच. त्याच्या खालच्या दोन आर्मच्या गोळ्यांचं भोक मोजा, आणि दोन आर्मांमधलं अंतरही.


कृष्णाकाठ
१५ एप्रिल, रात्री ९.५०

माणदेशींच्या मनात काय आलं ते मला कळलं, आणि माझ्याही तेच मनात आलं. कल्टिव्हेटर तुम्ही घ्या. ट्रॅक्टर तात्यांचा, वेळेचे पैसे तात्यांना. पाच फणांचा स्प्रिंगचा कल्टिव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरच्या किमतीचा अगदी छोटा हिस्सा. त्यात इंजिन नाही, ऑइल नाही, गोठ्यात झाकून ठेवला तर वीस वर्षं काही होत नाही. फाळ झिजतात, ते दोन्ही तोंडांचे येतात. एक टोक झिजलं की बोल्ट काढून उलटे लावायचे.

ट्रॅक्टर ओढ्यापलीकडंच आहे, म्हणजे वाफशाचा प्रश्न बराचसा सुटतो. आणि तात्यांच्या आल्याच्या रानालाही रोटरआधी एकदा फण घातला तर त्यांचंही भलं होईल. त्यांना वापरायला द्या, पैशाचं त्यातून आपोआप जुळेल.


वाफसा
१६ एप्रिल, सकाळी ८.३०

उत्तम. मला हे सुचायला हवं होतं. फक्त एक शंका. स्प्रिंगचा कल्टिव्हेटर काळ्या कडक रानात वरवर चालतो, स्प्रिंग ताणत राहते आणि फण उतरत नाही. खाली पाच इंचांवर फरशी आहे, तिच्यापर्यंत तो पोहोचेल का?


माणदेशी
१६ एप्रिल, सकाळी ९.००

कडक रानात नाही पोहोचणार, शंका खरी आहे. वळवाची वाट बघावी लागेल. पाऊस झाला की दोन-तीन दिवसांनी चार इंचांखालची मूठभर माती घ्या, लाडू वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून विस्कटला तर वाफसा आहे. चेपून तसाच राहिला तर अजून ओलं आहे, ट्रॅक्टर आत येऊ देऊ नका. फरशी एका दमात फोडायची नाही. पहिली फेरी चार इंच, आडवी दुसरी सहा.

जुळवणी कशी करायची तेही लिहून ठेवतो, तात्यांना रोटरची सवय असेल. सपाट जागेवर अवजार खाली ठेवा. उजव्या बाजूच्या लिफ्ट रॉडनं डावं-उजवं सारखं करा. वरचा टॉप लिंक थोडा आखूड केला की कल्टिव्हेटर पुढं झुकतो आणि फण चटकन उतरतात. फार आखूड केला तर पुढचे फण खोल आणि मागचे हवेत. चालत्या ट्रॅक्टरमागं उभं राहून बघा, पुढच्या आणि मागच्या फणांच्या काकऱ्या सारख्या खोल दिसल्या पाहिजेत. बाजूच्या साखळ्या घट्ट, म्हणजे अवजार डुलत नाही. पीटीओ बंद, कल्टिव्हेटरला तो लागत नाही. आणि वळताना अवजार उचलूनच वळायचं. जमिनीत असताना वळवलं की पहिल्या दिवशीच फण वाकतात.

झाडांखाली मात्र फण नको.


हिरवी_मिरची
१६ एप्रिल, सकाळी ११.२०

झाडांचं बरोबर. आंब्याची खाणारी मुळं वरच्याच थरात पसरलेली असतात. फांद्यांच्या घेराच्या आत खोल काही घालू नका. नारळाचं आळं बुंध्यापासून सहा फूट, तेवढं हातानं. घेराबाहेरच्या पट्ट्यात वीडर दोन इंच, बस. पालापाचोळा पडलेला तसाच राहू द्या.

वीडर घ्यायचा असेल तर डेमो तुमच्या रानातच मागा. दुकानाच्या अंगणातला डेमो कामाचा नाही. यांच्या हातात दोन तास देऊन बघा, संध्याकाळी खांदे काय म्हणतात ते विचारा आणि मग पैसे द्या.


सोनकी
२९ एप्रिल, रात्री ८.४५

घेतला. पाच फणांचा, स्प्रिंगचा, पुढं दोन आणि मागं तीन अशा दोन रांगांचा. दोन रांगा असल्या की मधून काडीकचरा निसटतो, असं फॅब्रिकेशनवाल्यानं दाखवलं. तात्यांच्या ट्रॅक्टरच्या खालच्या आर्मांची भोकं २२ मिलिमीटर निघाली, वरची पिन १९. पण दोन आर्मांमधलं अंतर नेहमीच्यापेक्षा कमी होतं. मोजून नेलं म्हणून बरं झालं, दुकानात तयार उभा होता तो लागलाच नसता. त्यांनी पिना आत सरकवून वेल्डिंग करून दिल्या.

तात्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. मग असं ठरलं की डिझेल आमचं, आणि कल्टिव्हेटर त्यांनी त्यांच्या रानात हवा तेव्हा न्यायचा.

पॉवर वीडरचा डेमो रानात झाला. दोन तास आम्ही आलटून पालटून चालवला. हिरवी_मिरची, खांदे ठीक होते, मनगटं दुखली. त्याच कंपनीचं हलकं मॉडेल पुढच्या आठवड्यात बघतोय. आता फक्त वळवाची वाट.


सोनकी
२१ मे, रात्री १०.०५

१६ तारखेला वळीव झाला, चांगला तासभर. १८ ला सकाळी लाडू चेपून तसाच राहिला. तात्या तयार होते, मीच नको म्हटलं. काल सकाळी लाडू फुटला. साडेसहाला ट्रॅक्टर रानात.

पहिली फेरी चार इंच. वरच्या दहा गुंठ्यांत, झाडांच्या घेराबाहेर, स्प्रिंग तीन-चारदा ताणली आणि सुटली. एक मोठा दगड निघाला. काळीत फण मऊ गेले. तात्या मागं वळून बघत होते. म्हणाले, "रोटरसारखं देखणं नाही झालं." ढेकळं होती हे खरं. दुपारी आडवी फेरी घातली, तेव्हा मधल्या पट्ट्यात ट्रॅक्टरचा आवाज बदलला, फणांनी फरशी धरली होती. काकरीत हात घातला, खालून गुळगुळीत खापऱ्या सुटून आल्या होत्या.

आज दिवसभर आम्ही चौघं लव्हाळा आणि हरळी वेचत होतो. गाठींचे दोरे खरोखर अख्खे वर आलेत, हातभर लांब. सात पाट्या निघाल्या. खुरपायला येणाऱ्या मावशींनी एक दोरा उचलून सुनेला दाखवला. बांधावर टाकले नाहीत, रस्त्यापलीकडे खडीवर पसरलेत.

एक विचारायचं होतं. पहिल्या दोन तासांनी बघितलं तर दोन फणांचे नट ढिले झाले होते. घट्ट केले. हे नेहमीचं आहे की माल कच्चा आहे?


माणदेशी
२१ मे, रात्री १०.२०

नेहमीचं आहे. नवा रंग बोल्टाखाली चेपतो आणि नट सैल पडतो. पहिले दहा तास प्रत्येक तासाला पाना फिरवा, मग दर वेळी रानात उतरण्याआधी. स्प्रिंगच्या बोल्टाला ग्रीस लावू नका, माती धरतं. काम झालं की फाळांना जुनं ऑइल पुसा.

दुसरी पाळी ३० च्या आसपास घाला, मधे पाऊस नसेल तर. मृगाच्या आत दोन उन्हं तरी लागू द्या त्या गाठींना.


कृष्णाकाठ
२२ मे, सकाळी ६.४०

ताई, त्या तिन्ही खड्ड्यांच्या जागांवर खुंट्या ठोकून ठेवा. पुढच्या एप्रिलला तिथंच परत सुरी घालून बघा आणि इथंच लिहा.